बावीस सामने, बावीस गुण

आमच्या पतसंस्थेच्या प्रोसिडिंग बुकात एका ठरावाखाली माझं नाव आहे. सूचक दुसरे एक संचालक, अनुमोदक मी. ठराव दीड ओळीचा: संस्थेच्या व्यवस्थापकांनी वैयक्तिक कारणास्तव दिलेला राजीनामा मंजूर करण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर. त्या राजीनाम्यात वैयक्तिक असं काहीच नव्हतं. तो लिहून द्या, असं आम्हीच त्यांना सांगितलं होतं. मजकूरसुद्धा आमच्यातल्याच एकानं टाइप करून आणला होता. खाली फक्त सही बाकी होती.

२०११ चा ऑगस्ट होता तो. त्यानंतर दीड वर्षानं इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबनं आपल्या मॅनेजरला काढलं आणि त्यावरून माझं माझ्या सोळा वर्षांच्या मुलाशी वाजलं. तो वाद अजून मिटलेला नाही. मुलगा आता तिशीला टेकला, पुण्यात नोकरी करतो. मधल्या काळात त्यानं आपली बाजू सोडली आणि मी माझी. गेल्या दिवाळीत पुन्हा तोच विषय निघाला, रात्री दीडपर्यंत बोलत बसलो, आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

सांगली कुस्तीची, कबड्डीची. फुटबॉल मला मिळाला तो कोल्हापुरातून. माझं आजोळ शिवाजी पेठेत. मे महिन्यात तिकडं गेलो की मामा सायकलच्या दांडीवर बसवून शाहू स्टेडियमला न्यायचा. शिवाजी तरुण, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब ही नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. तिथं खेळणारा संघ पेठेचा, तालमीचा. त्याला शिकवणारा माणूसही पेठेतलाच. संघ हरला की मामा आणि त्याचे दोस्त त्या माणसाच्या नावानं शंख करायचे. पुढच्या आठवड्यात तोच माणूस त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसून चहा पीत असायचा. मी एकदा मामाला विचारलं होतं, एवढा राग आहे तर त्याला बदलत का नाही? मामा म्हणाला, "बदलून कुठं पाठवायचा? हितंच राहतोय न्हवं त्यो."

माझ्या मुलाचा फुटबॉल मात्र टीव्हीवरचा आणि कॉम्प्युटरवरचा. वर्गातली बाकीची पोरं मँचेस्टर नाहीतर चेल्सीची. ह्यानं धरला साउदॅम्प्टन. कारण विचाराल तर एका गेममध्ये त्यानं खालच्या विभागातला क्लब निवडून वर आणला होता, तो हा. मग खरोखरचा क्लबही वर यायला लागला आणि पोरगं त्यात अडकलंच. सकाळी सहाला उठून क्लासला जाण्याआधी तो निकाल बघायचा, मी अंघोळीला जाता जाता ऐकायचो. जेवताना त्या क्लबची सगळी हकीकत त्यानं मला इतक्या वेळा सांगितली, की आज मीच ती कुणालाही सांगू शकतो.

साउदॅम्प्टन हे दक्षिण इंग्लंडमधलं बंदराचं शहर. २००५ मध्ये त्यांचा क्लब प्रीमियर लीगमधून, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या पायरीवरून, खाली उतरला. २००९ मध्ये पैशाची पार वाट लागली, कारभार प्रशासकांच्या हाती गेला आणि संघ तिसऱ्या पायरीवर जाऊन पडला. पुढच्या हंगामाची सुरुवातच उणे दहा गुणांनी करायची शिक्षा झाली. तेवढ्यात मार्कुस लीबहेर नावाच्या धनिकानं क्लब विकत घेतला आणि निकोला कोर्तेसे नावाच्या माणसाच्या हाती कारभार दिला. कोर्तेसे पूर्वी बँकेतला माणूस. लीबहेर २०१० च्या ऑगस्टमध्ये वारला. त्याच महिन्याच्या अखेरीला कोर्तेसेनं तेव्हाचा मॅनेजर ॲलन पार्ड्यू याला काढलं आणि सप्टेंबरात स्कन्थॉर्प नावाच्या लहान क्लबमधून नायजेल ॲडकिन्सला आणलं. इंग्लंडात संघाच्या मुख्य प्रशिक्षकालाच मॅनेजर म्हणतात, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगितलं. हा ॲडकिन्स स्कन्थॉर्पमध्ये आधी फिजिओ होता. खेळाडूंचे गुडघे-घोटे चोळणारा माणूस तिथं मॅनेजर झाला आणि त्यानं तो क्लबही वर चढवला.

साउदॅम्प्टनमध्ये त्यानं काय केलं? पहिल्या हंगामात तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर. दुसऱ्या हंगामात दुसरीवरून थेट प्रीमियर लीगमध्ये. सलग दोन बढत्या. सात वर्षांनी क्लब पुन्हा वरच्या पंगतीला बसला.

२०१२-१३ च्या हंगामाची सुरुवात भयंकर झाली. पहिल्या चार सामन्यांतच मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनल. सिटी आणि युनायटेड दोघांविरुद्ध २-१ असे पुढं होते, दोन्हीकडं ३-२ असे हरले. आर्सेनलनं तर सहा गोल चढवले. पहिल्या दहा सामन्यांत एक विजय, एक बरोबरी, आठ पराभव. चार गुण. तेव्हा त्याला काढलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. तेव्हा नाही काढलं. पुढच्या बारा सामन्यांत चार विजय, सहा बरोबऱ्या आणि फक्त दोन पराभव. अठरा गुण. १६ जानेवारीला चेल्सीच्या मैदानावर, म्हणजे त्या वेळच्या युरोपच्या विजेत्यांच्या घरी, दोन गोल मागं असताना २-२ अशी बरोबरी. रिकी लॅम्बर्टला बाकावरून उतरवलं आणि आल्या आल्या त्यानं गोल केला. दुसरा जेसन पंचनचा. आपल्याकडं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पोरानं आवाज बंद करून मॅच बघितली आणि दुसऱ्या गोलाला उशीत तोंड खुपसून ओरडला, ते मी पलीकडच्या खोलीत ऐकलं.

दोन दिवसांनी, १८ जानेवारीला, ॲडकिन्सला काढलं. बावीस सामने, बावीस गुण, पंधरावं स्थान.

मी दुकानात होतो. माझं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. एका शेतकऱ्याला पाणबुडी मोटरचा बुश काढून दाखवत होतो. पोरगं सायकल स्टँडला न लावताच आत आलं. डोळे भरलेले. "पप्पा, ॲडकिन्सला काढला." गिऱ्हाईक समोर. मी म्हणालो, "असेल काहीतरी. चेअरमनला काहीतरी दिसलं असेल. बाहेरून आपल्याला काय कळतंय?"

ते वाक्य मी त्याला ऐकवत नव्हतो. दीड वर्ष मी ते स्वतःला ऐकवत होतो.

आता भाऊंबद्दल सांगतो. आमच्या व्यवस्थापकांना सगळे भाऊ म्हणायचे, मीही इथं तेच म्हणतो. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठेत शिरलं तेव्हा आमच्या संस्थेचे निम्मे कर्जदार पाण्यात होते. कापडवाले, भांडीवाले, किराणावाले. माल गेला, फर्निचर गेलं, मग हप्ते थांबले. दोन वर्षांत थकबाकी एवढी वाढली की ऑडिटरनं वर्ग खाली आणला. ठेवीदार काउंटरवर येऊन नुसतं उभं राहायला लागले. काही विचारायचे नाहीत, फक्त उभे. त्यांचं ते न बोलता उभं राहणं ज्यांनी बघितलंय त्यांनाच मी काय म्हणतोय ते कळेल. त्याआधीचे व्यवस्थापक सोडून गेले आणि २००७ मध्ये भाऊ आले. एका लहान सोसायटीत क्लार्क म्हणून लागलेला माणूस. पदवी साधी, इंग्रजी बेताचं.

भाऊंची वसुली मी एकदा जवळून पाहिली. बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई होत्या, नवरा वारलेला. त्यांच्या जामीनदारांना नोटिसा काढायचं आम्ही मीटिंगमध्ये ठरवलं होतं. भाऊ म्हणाले, एकदा जाऊन येऊ. मी बरोबर गेलो. दुकानात पुराच्या पाण्याची रेघ अजून भिंतीवर होती, कमरेच्या वर, त्याखालचा रंग फुगलेला. भाऊ स्टुलावर बसले आणि कर्जाचं काढलंच नाही. आठवड्याला कुठल्या बांगड्या किती जातात, लग्नसराईत किती, श्रावणात किती, कोण उधार नेतं, हे विचारत राहिले. खिशातून एक छोटी वही काढून लिहीत होते. तासाभरानं म्हणाले, "ताई, तुम्हाला महिन्याचा हप्ता झेपणार नाही. आठवड्याला द्या. श्रावण आणि लग्नसराईत जास्त, भाद्रपदात अजिबात नको." बाई रडायला लागल्या. भाऊंनी वही मिटली आणि मला म्हणाले, चला. त्या आठवड्यापासून पैसे यायला लागले. थोडे, पण दर शुक्रवारी.

असे किती तरी हप्ते त्यांनी बांधून दिले. थकबाकी पहिल्या वर्षी हललीच नाही. आम्ही कुरकुरलो. दुसऱ्या वर्षी थोडी उतरली. तिसऱ्या वर्षी चांगली उतरली. चौथ्या वर्षी ऑडिटचा वर्ग सुधारला. आणि नेमकं तेव्हाच आमच्या चेअरमनना एक माणूस भेटला. मोठ्या बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, संगणकाची जाण, बोलणं-चालणं रुबाबदार. चेअरमनच्या डोळ्यासमोर पाच शाखा होत्या. ते म्हणाले, "भाऊ चांगले आहेत. पण भाऊंच्या हातून संस्था इथपर्यंतच येणार. पुढं न्यायला दुसरा माणूस लागतो. आणि हा माणूस आत्ता मोकळा आहे, सहा महिन्यांनी नसेल." मीटिंगमध्ये शांतता झाली. मला पटलं नव्हतं, पण विरोध करायला माझ्याकडं आकडाही नव्हता आणि धाडसही. मी हात वर केला.

म्हणून दीड वर्षानं पोराच्या तोंडून ॲडकिन्सची बातमी आली तेव्हा मी कोर्तेसेच्या बाजूनं उभा राहिलो. ती बाजू सोडली असती तर मला त्या प्रोसिडिंग बुकाकडं परत बघावं लागलं असतं.

आणि दैव असं की पुढं घडलं तेही चेअरमन लोकांच्याच बाजूनं घडलं. ॲडकिन्सच्या जागी मॉरिसियो पोचेटिनो आला. अर्जेंटिनाचा माणूस, आधी स्पेनमध्ये एस्पान्योलचा प्रशिक्षक, तिथून नोव्हेंबरात बाहेर पडलेला. इंग्रजी बोलायला दुभाष्या लागायचा. क्लबचे जुने दिग्गज चिडले होते, लोक चिडले होते. पण संघ त्या हंगामात चौदावा आला आणि पुढच्या हंगामात आठवा, ५६ गुणांसह. समोरच्याला चेंडू घेऊन श्वास घेऊ द्यायचा नाही, असा खेळ त्यानं बसवला. लॅम्बर्ट, ॲडम ललाना, ल्यूक शॉ हे तिघं २०१४ च्या वर्ल्ड कपला इंग्लंडच्या संघात होते. पोरगं पोचेटिनोचं भक्त झालं. ॲडकिन्सचं नाव आमच्या घरातून वर्षभरात गेलं.

आमच्या संस्थेतही तेच. नव्या साहेबांनी संगणक आणले, ठेवीदारांच्या मोबाईलवर मेसेज यायला लागले, तीन नव्या शाखा निघाल्या. वार्षिक सभेत टाळ्या पडल्या. संचालक म्हणून माझाही सत्कार झाला, नारळ आणि शाल. ती शाल मी अजून वापरलेली नाही.

निर्णय बरोबर ठरला म्हणजे तो बरोबर होता का? बरीच वर्षं मी हा प्रश्न एवढ्यावरच सोडून दिला होता. मग लॉकडाऊनमध्ये दुकान बंद असताना, काही काम नाही म्हणून, मी वहीत साउदॅम्प्टनच्या त्या हंगामाचे सगळे निकाल लिहून काढले. दुकानदाराची खोड. हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा मला जे दिसलं ते पोरालाही माहीत नव्हतं. पोचेटिनोनं त्या हंगामातल्या उरलेल्या सोळा सामन्यांत चार विजय, सात बरोबऱ्या, पाच पराभव असे १९ गुण मिळवले. ॲडकिन्सनं शेवटच्या बारा सामन्यांत १८. म्हणजे ज्याला काढलं त्याचा जाताना वेग सामन्याला दीड गुणाचा होता. ज्याला आणलं त्याचा सव्वाच्याही आत. चौदावं स्थान आलं ते पहिल्या माणसाच्या बावीस गुणांवर उभं राहून.

मग मी संस्थेचे जुने अहवाल काढले. नव्या साहेबांच्या पहिल्या दोन वर्षांत जी वसुली झाली, ज्यावर टाळ्या पडल्या, ती खाती मी एकेक करून तपासली. त्यातली बरीचशी भाऊंनी बांधून दिलेल्या हप्त्यांची होती. शुक्रवारचे पैसे. पेरलं एकानं, मळणीला दुसरा उभा होता.

हे मी पोराला फोनवर सांगितलं. तोवर त्याचीही बाजू बदललेली होती. त्याच्या हाताखाली आता आठ माणसं आहेत आणि त्यानंही एकाला काढलंय, सुधारत असलेल्याला. तो म्हणाला, "पप्पा, क्लब बरोबर होता. तुम्ही बारा सामने बघताय, चेअरमन पाच वर्षं बघत होता. बारा सामन्यांत नशीबही असतं. आणि पोचेटिनो जानेवारीत मोकळा होता. जूनपर्यंत थांबले असते तर दुसऱ्या कुणीतरी नेला असता."

हे शेवटचं म्हणणं वजनदार आहे, मी ते झटकत नाही. चांगला माणूस मोकळा सापडायची वेळ आपल्या सोयीनं येत नाही. आमच्या चेअरमननीही तेच सांगितलं होतं. आणि पोचेटिनो खरोखर मोठा निघाला. पुढं टॉटनहॅम या क्लबला त्यानं २०१९ च्या चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यापर्यंत नेलं.

पण मी त्याला म्हणालो, ह्यातलं जानेवारी २०१३ मध्ये कुणाला ठाऊक होतं? कोर्तेसेला माहीत असलेलं एवढंच होतं की समोरचा माणूस चढतोय आणि दुसरा माणूस आपल्याला जास्त आवडतोय. 'हा इथपर्यंतच येणार' हे वाक्य घसरणाऱ्या माणसाबद्दल म्हणता येतं, थांबलेल्याबद्दलही म्हणता येतं. चढणाऱ्याबद्दल कुठल्या आधारावर म्हणायचं? तो कुठवर जाईल हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. ते कळायचा एकच मार्ग आहे, त्याला चढू द्यायचं. मध्येच काढला की ते कधीच कळत नाही. आणि मग आपण छातीवर हात ठेवून सांगायला लागतो की आम्हाला आधीच कळलं होतं. खटला आपण चालवायचा, पुरावा आपणच जाळायचा आणि राखेकडं बोट दाखवून म्हणायचं, बघा, त्याच्या बाजूनं काही सापडलं नाही.

पोरगं म्हणालं, ॲडकिन्स पुढं कुठं काय चमकला? तो मार्चमध्ये रीडिंगला गेला आणि रीडिंग त्याच हंगामात खाली उतरला.

ह्या रीडिंगचीही एक गोष्ट आहे. २०१२ मध्ये साउदॅम्प्टन दुसरा आला तेव्हा पहिला आलेला क्लब रीडिंगच होता. त्यांचा मॅनेजर ब्रायन मॅकडरमॉट. २०१३ च्या जानेवारीत त्याला प्रीमियर लीगचा त्या महिन्याचा सर्वोत्तम मॅनेजर म्हणून गौरवलं आणि मार्चमध्ये काढलं. त्याच्या खुर्चीत ॲडकिन्स बसला. आणि ॲडकिन्सच्या आधी साउदॅम्प्टनमधून काढलेला पार्ड्यू कुठं गेला? न्यूकॅसलला. तिथं ख्रिस ह्यूटननं पडलेला संघ १०२ गुण मिळवून एका वर्षात प्रीमियर लीगमध्ये परत आणला होता. २०१० च्या डिसेंबरात संघ अकराव्या स्थानावर असताना त्याला काढलं आणि पार्ड्यूला आणलं. पार्ड्यूनं २०११-१२ मध्ये न्यूकॅसलला पाचवं आणलं. म्हणजे साउदॅम्प्टननं ज्याला नालायक ठरवलं तो दुसरीकडं पाचवा आला, एका भल्या माणसाची जागा घेऊन. मग 'हा इथपर्यंतच' हे पार्ड्यूबद्दलचं मत कुठं गेलं? शेवटच्या टप्प्यात बुडणारी होडी हातात दिली आणि ती बुडाली, एवढ्यावरून ॲडकिन्स कसला होता ते ठरवायचं का? ज्या घरात त्यानं अडीच वर्षं माणसं ओळखून एकेक वीट लावली, ते घर त्याच्याकडून काढून घेतलं होतं. रीडिंगमध्ये त्याला कुणाचा श्रावण कुठला आणि भाद्रपद कुठला हे कळायला वेळ तरी मिळाला का?

आणि ज्यांनी काढलं त्यांचं काय? कोर्तेसे बरोबर वर्षभरानं, २०१४ च्या जानेवारीत, स्वतःच क्लब सोडून गेला. पोचेटिनो त्याच वर्षी मेमध्ये टॉटनहॅमला गेला. पाच वर्षांची दूरदृष्टी म्हणून जिचं कौतुक माझा मुलगा करतो, ती सोळा महिन्यांत दुसऱ्याच्या दारी गेली. टॉटनहॅमनंही पोचेटिनोला अंतिम सामन्यानंतर सहा महिने पुरे व्हायच्या आत काढलं. ह्यात मला आनंद नाही. त्याच्याबद्दलही मला तितकंच वाईट वाटतं.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग काढायचंच नाही का कुणाला?" काढायचं. भाऊंच्या आधीच्या माणसाला आम्ही वेळेत काढलं असतं तर ठेवीदार तसे काउंटरवर उभे राहिले नसते. साउदॅम्प्टनला पहिल्या दहा सामन्यांनंतर, चार गुणांवर, तो हक्क होता. तेव्हा थांबायचा संयम त्यांनी दाखवला आणि त्या संयमाचं फळ हातात येताना माणूस बदलला. हेच मला समजत नाही. थांबायचं नव्हतं तर नोव्हेंबरात काढायचं. थांबलात तर मेपर्यंत थांबा. क्लब चुकला असं माझं मत आहे, आठवा नंबर आला तरी. आम्हीही चुकलो, तीन शाखा निघाल्या तरी.

आमची चूक तर आणखी खोल होती. कोर्तेसेनं निदान उघडपणे काढलं. त्याला शिव्या बसल्या, त्यानं त्या घेतल्या. आम्ही 'वैयक्तिक कारणास्तव' लिहून घेतलं. भाऊंनी पुढं दोन ठिकाणी अर्ज केले, तिथून आमच्याकडं विचारणा आली. दोन्ही वेळा आम्ही तेच कळवलं: वैयक्तिक कारणास्तव राजीनामा. समोरच्यानं काय समजायचं? चांगली चाललेली संस्था माणूस मध्येच का सोडतो? काहीतरी भानगड असणार. त्यांना परत कुठं व्यवस्थापकाची जागा मिळाली नाही. पेठेतल्या चार दुकानांचे हिशेब लिहीत राहिले.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी भाऊंकडं गेलो. हरिपूर रस्त्याला घर आहे त्यांचं, लहानसं, दारात प्राजक्त. चौदा वर्षांत मी त्या घरी गेलो नव्हतो. रस्त्यात भेट व्हायची, नमस्कार व्हायचा, मी घाईत असल्याचं दाखवायचो. जाताना मी जुने तीन अहवाल बरोबर नेले होते, खुणा करून.

त्यांनी दार उघडलं, चष्मा वर केला. "या की. बसा." मी बसलो. पाणी आलं. इकडचं तिकडचं बोलणं मला सुचेना, म्हणून सरळ म्हणालो, "भाऊ, ते वैयक्तिक कारण खोटं होतं. तुम्ही चांगलं काम करत होता आणि आम्ही तुम्हाला काढलं. ठरावाला अनुमोदक मी होतो."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मीच ते प्रोसिडिंग लिहिलं. चार्ज द्यायच्या आधीचं शेवटचं काम."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. अक्षर त्यांचंच होतं. एवढी वर्षं मी त्या पानावर फक्त माझी सही बघत होतो.

मी अहवाल उघडून त्यांच्यापुढं ठेवले, खुणा केलेली खाती दाखवली. ही तुमची वसुली, ही पण तुमची, ही पण. ते बोट फिरवत एकेक नाव वाचत गेले. काही नावांवर थांबायचे, मान हलवायचे. मग एकदम विचारलं, "त्या बांगडीवाल्या ताईंचं खातं निल झालं?"

झालं असणार, मी म्हणालो. "कधी?"

मला माहीत नव्हतं. मी तिथूनच संस्थेच्या क्लार्कला घरी फोन लावला. रविवार होता, तरी बिचारी उठून ऑफिसला गेली, किल्ली तिच्याकडंच असते. अर्ध्या तासानं तिचा फोन आला. तोवर आम्ही दोघं काही न बोलता बसलो होतो, भाऊंच्या बायकोनं ठेवलेला चहा निवत होता.

"सप्टेंबर २०१३," मी सांगितलं.

भाऊंनी टेबलावरची वही ओढली, कुठल्याशा दुकानाच्या हिशेबाची होती, आणि मागच्या कोऱ्या पानावर तारीख लिहून ठेवली. "दिवाळीच्या आत फेडते म्हणाल्या होत्या," ते म्हणाले.